उरलेलं औषध

क्षयाच्या औषधांनी मळमळतं, सांधे दुखतात, लघवी लाल होते, या तक्रारी मी छातीच्या रोगांचा डॉक्टर म्हणून वर्षानुवर्षं ऐकत आलो. तक्रार करणारा पेशंट मला आवडतो. धास्ती वाटते ती न बोलता गोळ्या गादीखाली सारणाऱ्याची. आज ज्या पेशंटबद्दल बोलायचं आहे, त्यानं आपला त्रास इतका बारकाईनं लिहून ठेवला की तसा केसपेपर मी क्वचितच पाहिला. तो पेशंट म्हणजे जॉर्ज ऑर्वेल.

बिहारमधल्या मोतिहारीला १९०३ साली जन्मलेला हा इंग्रज लेखक डिसेंबर १९४७ मध्ये ग्लासगोजवळच्या हेअरमायर्स रुग्णालयात दाखल झाला. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ चा, पण ब्रिटनमध्ये ते सहजासहजी मिळत नव्हतं. संपादक मित्र डेव्हिड अ‍ॅस्टर यांनी अमेरिकेतून ते मिळवलं, आरोग्यमंत्री बेव्हन यांनी आयातीला परवानगी दिली, आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये इंजेक्शनं सुरू झाली.

काही आठवड्यांत चेहरा लाल झाला, अंगभर पुरळ उठलं, कातडीचे पापुद्रे निघू लागले. घशात आणि तोंडात फोड आले. ओठांवरचे फोड रात्री फुटत. सकाळी रक्तानं चिकटलेले ओठ धुतल्याशिवाय तोंड उघडत नसे. नखं झिजली, केस गळले. सुमारे पन्नास दिवसांनी डॉक्टरांनी औषध थांबवलं.

त्याच सुमारास मेडिकल रिसर्च कौन्सिलची प्रसिद्ध चाचणी चालू होती. तिचे आकडे १९४८ च्या ऑक्टोबरात छापून आले. सहा महिन्यांत नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी १४ रुग्ण दगावले. स्ट्रेप्टोमायसिन दिलेल्या ५५ पैकी चारच. मात्र या ५५ जणांपैकी पुष्कळांना चक्कर येऊ लागली होती. हे औषध कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र बिघडवतं. माणूस डोळ्यांच्या आधारानं सावरतो, पण अंधारात झोकांड्या खातो. याच कुळातल्या कॅनामायसिननं पुढे कित्येकांचे कान गेले. जागतिक आरोग्य संघटनेनं त्याची शिफारस थांबवली ती २०१८ मध्ये!

ऑर्वेलच्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. आज असं पुरळ उठलं तर आम्ही औषध बंद करतो आणि दुसरं देतो. त्यांच्या हाती दुसरं काय होतं? गुणकारी ठरलेलं आयसोनियाझिड आलं १९५२ साली. उरलेलं स्ट्रेप्टोमायसिन दोन डॉक्टरांच्या पत्नींना देण्यात आलं, आणि त्या बऱ्या झाल्या, असं तिथल्या एका डॉक्टरांनी पुढे सांगितलं.

ऑर्वेललाही तात्पुरता उतार पडला. जुलैत तो घरी गेला आणि 'नाइन्टीन एटी-फोर' पुरी केली. १९४९ मध्ये दुखणं उलटल्यावर पुन्हा स्ट्रेप्टोमायसिन देऊन पाहिलं. शरीरानं ते लगेच नाकारलं. २१ जानेवारी १९५० ला लंडनच्या रुग्णालयात तो गेला, वयाच्या ४६ व्या वर्षी.