नारळीकर, जयंत विष्णू

(१९ जुलै १९३८ – २० मे २०२५). खगोलशास्त्रज्ञ आणि मराठी विज्ञानकथेला वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळवून देणारे लेखक. जन्म कोल्हापूरचा, बालपण बनारसचे. वडील विष्णू वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख, तर आई सुमती संस्कृतच्या विदुषी. केंब्रिजला १९५९ साली ते रँग्लर झाले. आपले गुरू, खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्याबरोबर त्यांनी १९६४ मध्ये मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त जगभर गाजला आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, पद्मभूषण मिळाले. हॉइल स्वतःही विज्ञान कादंबऱ्या लिहीत. म्हणजे संशोधन आणि गोष्ट या दोन्ही वाटा नारळीकरांना एकाच गुरूच्या घरी दिसल्या होत्या.

१९७२ मध्ये ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. त्यानंतर अहमदाबादेतल्या एका परिषदेत कंटाळवाणे व्याख्यान चालू असताना समोरच्या कोऱ्या कागदांवर त्यांनी चक्क कथा लिहायला घेतली. तीच ‘कृष्णविवर’. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेला ती पाठवताना आपल्या नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये, म्हणून ज. वि. ना. ही आद्याक्षरे उलटी करून त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतले. अक्षर ओळखीचे असेल, ही शंका उरलीच. तेव्हा पत्नी मंगला यांनी कथा आपल्या हाताने उतरवून काढली. जगतापांना बक्षीस मिळाले! १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी या कथेची दखल घेतली आणि ‘किर्लोस्कर’ मासिकाने कथांची मागणी सुरू केली.

‘यक्षांची देणगी’ हा त्यांचा गाजलेला कथासंग्रह. ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’, ‘व्हायरस’ आणि ‘अभयारण्य’ या कादंबऱ्या.

पात्रांचे मनोव्यापार हे या लेखनाचे बळ नव्हे. त्यांची माणसे बऱ्याचदा कल्पना वाहून नेण्यापुरतीच येतात. पण कल्पना अस्सल असते, आणि ती मराठी घरात वावरते. ‘उजव्या सोंडेचा गणपती’मध्ये डाव्या-उजव्याची अदलाबदल करणारे अवकाशाचे गणित थेट क्रिकेटच्या मैदानावर उतरते. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये पानिपतच्या लढाईत विश्वासरावांना गोळी लागत नाही, कानाला चाटून जाते, तेवढ्यावर अठराव्या शतकापासूनचा सारा इतिहास फिरतो. त्या बदललेल्या जगात अध्यक्षांविना भरलेल्या सभेत व्यासपीठावरची रिकामी खुर्ची बळकावणाऱ्या गंगाधरपंतांची श्रोते जी गत करतात, ती वाचून सभा-समारंभांनी गांजलेल्या कोणाही मराठी माणसाला गुदगुल्या व्हाव्यात. हीच कथा इंग्रजीतून केंद्रीय पाठ्यक्रमाच्या अकरावीच्या पुस्तकातही गेली.

पुण्यातील ‘आयुका’ या खगोलशास्त्र संशोधन संस्थेचे ते संस्थापक संचालक (१९८८–२००३). गोष्टीतली चिकित्सा त्यांनी बाहेरही चालवली. जन्मकुंडलीवरून हुशार आणि मतिमंद मुले ओळखता येतात का, याची त्यांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या साहाय्याने चाचणी घेतली. उत्तरे पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांचे अंदाज सरासरी ४६ टक्के बरोबर आले, म्हणजे नाणे उडवले असते तरी चालले असते.

‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २०२१ मध्ये नाशिकच्या ९४ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. प्रकृतीमुळे त्यांना तेथे जाता आले नाही. पुण्यात त्यांचे निधन झाले.