गोरेगावचं स्टेशन हिरडामालीला

गोरेगाव स्टेशन म्हटलं की ऐकणाऱ्याला मुंबईची लोकल आठवते. आज आपण बोलणार आहोत ते गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावबद्दल. इथल्या माणसाला गाडी पकडायची असेल तर त्याने शेजारच्या हिरडामालीला जायचं. तालुक्याचं गाव एक आणि पाटीवर नाव दुसऱ्याच गावाचं! असं का, हे कळायला आधी ही लाईन कशासाठी टाकली ते पाहावं लागेल.

गोंदियाला रेल्वे आधीच आली होती. नागपूर–राजनांदगाव हा मीटरगेज रस्ता १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला झाला, तो १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने घेतला आणि रुंद केला. विसाव्या शतकाची पहिली पंधरा वर्षं संपायच्या आत याच कंपनीने गोंदियाहून दक्षिणेला वडसा, नागभीड करत चांदा फोर्टपर्यंत छोटी लाईन नेली. दोन रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट. एवढी अरुंद का? तर स्वस्त पडते म्हणून. जंगलातून, नाल्यांवरून, मालगुजारी तलावांच्या कडेने जायचं आणि आणायचं काय? लाकूड, बांबू, हिरडा, धान. हिरडामालीच्या तर नावातच हिरडा आहे, आणि कातडी कमावायला त्या काळी हिरड्याला मोठी मागणी होती. आमच्या मते अशा लाईनवर माल आधी आणि माणूस नंतर, असाच हिशोब होता. तालुक्याचं गाव कुठे आहे, याला त्यात फारसं वजन नव्हतं.

छोट्या लाईनचा एक तोटा रोजचा होता. गोंदियाला आलेला माल मोठ्या लाईनच्या डब्यात जाणार कसा? हमालांच्या पाठीवरून. पोतं उतरवा, पोतं चढवा, त्यात वेळ आणि पैसा दोन्ही जायचे. १९९० च्या दशकात मार्ग ब्रॉडगेज झाला तेव्हा ही उलाढाल संपली. नागभीड–नागपूर फाटा मात्र छोटाच राहिला, तो नोव्हेंबर २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाला.

आता एकेरी लाईनवरच्या लहान स्टेशनाचं काम समजून घेऊ. तिकीट देणं हा त्याचा एक भाग झाला. खरं काम क्रॉसिंगचं. समोरून गाडी येत असेल तर एकीला लूपवर उभं करायचं, दुसरीला सोडायचं. उभं कोण राहतं? बहुतेक वेळा पॅसेंजरच. गोंदियाच्या बाजाराला निघालेली बाई, कॉलेजची पोरं, दिवाळीनंतर वडशाच्या झाडीपट्टी नाटकांना निघालेली मंडळी, सगळे कोळशाची मालगाडी जायची वाट पाहत बसतात. चिडचिड होते, पण रेल्वेला हे स्टेशन हवं असतं ते याच थांबण्यासाठी, हेही खरं.

मार्च २०२० मध्ये देशभर प्रवासी गाड्या थांबल्या. परत सुरू झाल्या त्या स्पेशल म्हणून, आणि दहा रुपयांचं किमान तिकीट तीस रुपयांचं झालं. जुनं भाडं परत यायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. रोज ये-जा करणाऱ्या मजुराच्या खिशाला हे वीस रुपये काय असतात, ते एसटीचं भाडं मोजणाऱ्याला विचारा.

एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गोंदिया–बल्लारशाह दुहेरीकरणाला मंजुरी दिली. उत्तर–दक्षिण जाणाऱ्या मालगाड्यांना हा जवळचा रस्ता, म्हणून त्याचं स्वागतच आहे. दुसरा रूळ पडला की पॅसेंजरला समोरच्या गाडीसाठी लूपवर ताटकळावं लागणार नाही. पण मग क्रॉसिंगसाठी थांबायची गरजही सरेल. उरेल तो फक्त प्रवाशांसाठीचा थांबा, आणि तो वेळापत्रकात टिकवायचा तर गोरेगावकरांना तिकिटं काढून हिरडामालीच्या खिडकीवर आपली संख्या दाखवावी लागेल.