सुरक्षित म्हणजे कशापेक्षा सुरक्षित? ट्रॅकिओस्टॉमीच्या तुलनेचा इतिहास



सिनॉप्सिस लिहायला बसलं की 'तुलनात्मक अभ्यास' हे दोन शब्द आपल्या शीर्षकात हमखास येतात. माझ्याही आले होते. आज मी त्यांच्याकडे जरा सावधपणे बघते, आणि त्याला घरातलीच एक गोष्ट कारणीभूत आहे.

माझी संख्याशास्त्राची एम.एस्सी. नुकतीच झाली होती. आजोबा कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात न्यूमोनियानं आयसीयूत होते. तोंडातून नळी आणि व्हेंटिलेटर, असे दहा दिवस झाले होते. डॉक्टर म्हणाले, आता ट्रॅकिओस्टॉमी करावी लागेल. म्हणजे गळ्याला पुढून छिद्र पाडून नळी थेट श्वासनलिकेत बसवायची. ती दोन प्रकारे करता येते : ओटीत नेऊन चिरा देऊन, किंवा इथेच बेडवर सुई आणि तार वापरून. संमतीपत्र हातात घेऊन बाबांनी मला विचारलं, "तू एवढं शिकलीस, सांग की, ह्यातलं सेफ कुठलं?" मला सांगता आलं नाही. नंतर वाचत गेले तेव्हा कळलं, की हा प्रश्न शंभर वर्षं जुना आहे आणि प्रत्येक पिढीनं त्याचं उत्तर वेगळ्या प्रकारची तुलना करून दिलंय. चला, क्रमानं बघू.

पहिली तुलना : नुसता अंश, छेद गायब

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ट्रॅकिओस्टॉमी ही बहुतेक वेळा शेवटच्या क्षणी केली जायची. घटसर्पानं लहान मुलाचा घसा बंद झाला, की मगच. अमेरिकेतले शल्यचिकित्सक शेव्हॅलिये जॅक्सन यांनी १९०९ मध्ये या शस्त्रक्रियेची शिस्तशीर पद्धत मांडली. पुढे १९२१ मध्ये त्यांनी लिहिलं, की छिद्र फार वर, स्वरयंत्राजवळ पाडल्यामुळे श्वासमार्ग कायमचा अरुंद होतो. त्यांच्या शब्दाला वजन होतं. तेव्हापासून 'वर छेद नको' हा नियमच झाला.

आता आपण संशोधक म्हणून बघू. जॅक्सन यांच्याकडे श्वासमार्ग अरुंद झालेलेच रुग्ण येत होते. वर छेद देऊन जे बरे होऊन घरी गेले, ते त्यांच्याकडे कशाला येतील? म्हणजे अपूर्णांकातला वरचा आकडा हातात होता, खालचा नव्हता. शिवाय त्यातल्या अनेकांचं स्वरयंत्र घटसर्पासारख्या आजारानं आधीच सुजलेलं होतं. १९७६ मध्ये अमेरिकेतच ब्रँटिगन आणि ग्रो यांनी कंठमण्याखालच्या पडद्यातून, म्हणजे वरच छेद दिलेल्या ६५५ रुग्णांची मालिका प्रसिद्ध केली. जॅक्सन यांना भीती वाटत होती तसं कायमचं अरुंदपण त्यांना आढळलं नाही. हा वाद तिथे संपला नाही, पण मधली पंचावन्न वर्षं एक नियम छेदाशिवाय चालला होता, हे लक्षात ठेवा.

दुसरी तुलना : आधी आणि नंतर

१९५२ मध्ये कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात पहिल्या काही आठवड्यांत श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या ३१ रुग्णांना तेव्हाच्या यंत्रांवर ठेवलं, त्यातले २७ दगावले. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी २७ ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मुलीला ट्रॅकिओस्टॉमी करायला लावून, नळीतून हातानं पिशवी दाबत श्वास दिला. ती जगली. मग सुमारे पंधराशे वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून पिशव्या दाबत बसले. मृत्यूचं प्रमाण पुढच्या महिन्यांत निम्म्याहून खाली आलं. आजच्या आयसीयूची सुरुवात तिथून मानतात.

आपल्याकडे असाच अध्याय धनुर्वातानं लिहिला. शेतात खिळा लागणं, जखमेत माती जाणं, लस न घेतलेली असणं, यांतून येणारा हा आजार आपल्या आजी-आजोबांना चांगला ठाऊक होता. तीव्र धनुर्वातात झटके येतात, स्वरयंत्राचे स्नायू आवळतात आणि माणूस गुदमरतो. तिथे ट्रॅकिओस्टॉमी म्हणजे आवळणाऱ्या घशाला वळसा घालून काढलेली वाट. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालयाशी दीर्घकाळ जोडलेले डॉ. फारोख उडवाडिया आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये अशा १५० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. अतिदक्षता उपचार आणि व्हेंटिलेटरचा मोकळा वापर सुरू झाल्यावर एकूण मृत्यू ३० टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. तीव्र धनुर्वातात तर ७० वरून २३ वर.

मला हा पेपर फार आवडतो. पण प्रश्न विचारायलाच हवा : यातलं श्रेय कशाचं? ट्रॅकिओस्टॉमीचं, व्हेंटिलेटरचं, औषधांचं, की रात्रंदिवस शेजारी असणाऱ्या नर्सचं? 'आधी-नंतर' तुलनेत सगळंच एकत्र बदलतं. फरक इतका प्रचंड असेल तर निर्णय घ्यायला तेवढं पुरतं. धनुर्वाताच्या रुग्णाला चिठ्ठी टाकून व्हेंटिलेटर नाकारा, असं कोण म्हणेल? पण दोन चांगल्या पद्धतींतला बारीक फरक शोधायला ही तुलना कामाची नाही.

तिसरी तुलना : चिठ्ठी टाकून

असा बारीक फरक शोधायची वेळ १९८५ नंतर आली. न्यूयॉर्क राज्यातले शल्यचिकित्सक पास्क्वाले सिॲग्लिया यांनी त्या वर्षी २६ रुग्णांवरचा प्राथमिक अहवाल दिला. सुईनं श्वासनलिकेत शिरायचं, तार सरकवायची आणि तारेवरून एकापेक्षा एक जाड नळ्या घालत छिद्र रुंद करायचं. तारेची युक्ती स्वीडनच्या सेल्डिंगर यांची, १९५३ सालची, रक्तवाहिन्यांसाठीची. १९९० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रिग्ज यांनी नळ्यांऐवजी तारेवरून जाणारा चिमटा आणला. पुढे एकाच निमुळत्या नळीत काम होऊ लागलं. लखनौच्या डॉ. अंबेश यांच्या चमूनं २००५ मध्ये 'टी-डॅगर' नावाचं साधन वापरून बघितलं.

मग चाचण्यांचा पूर आला. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियाचे डेलनी आणि सहकाऱ्यांनी १७ यादृच्छिक चाचण्या, म्हणजे १,२१२ रुग्ण, एकत्र केले. तारेच्या पद्धतीत जखमेचा संसर्ग स्पष्टपणे कमी होता : ऑड्स रेशो ०.२८, कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.१६ ते ०.४९. रक्तस्रावाचा रेशो ०.८० (०.४५ ते १.४१) आणि मृत्यूचा ०.७९ (०.५९ ते १.०७). हे शेवटचे दोन्ही इंटरव्हल १ ला ओलांडतात, म्हणजे ठाम काही सांगता येत नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. ज्या चाचण्यांत चिरा देण्यासाठी रुग्णाला ओटीत नेलं होतं, तेवढ्याच वेगळ्या काढल्या तर रक्तस्रावाचा रेशो ०.२९ आणि मृत्यूचा ०.७१ झाला. तारेची पद्धत एकदम जास्त सुरक्षित दिसू लागली! आता सांगा, फरक कशाचा? पद्धतीचा, की जागेचा? गंभीर रुग्णाला व्हेंटिलेटर, सलाईन, मॉनिटरसकट लिफ्टनं ओटीत नेणं हाच एक धोका आहे. एका गटात पद्धत आणि जागा दोन्ही बदलल्या, तर चिठ्ठी टाकूनही त्या वेगळ्या करता येत नाहीत.

चाचणीत न दिसणारे मृत्यू

२०१३ मध्ये हॅम्बुर्गच्या संशोधकांनी उलटी वाट धरली. तारेच्या पद्धतीनंतर झालेले, प्रसिद्ध झालेले ७१ मृत्यू गोळा केले. अंदाज निघाला ०.१७ टक्के. रक्तस्राव आणि श्वासमार्गाच्या अडचणी ही मुख्य कारणं होती.

आता वही काढा. डेलनींच्या १,२१२ पैकी साधारण निम्मे, म्हणजे ६०६ रुग्ण तारेच्या गटात धरू. त्याचे ०.१७ टक्के म्हणजे जेमतेम एक. सतरा चाचण्या मिळून एक मृत्यू! एकेका चाचणीत तो दिसणारच नाही आणि लेखक प्रामाणिकपणे लिहितील, 'गंभीर दुष्परिणाम आढळले नाहीत'. इथे एक सोपा नियम उपयोगी पडतो. न रुग्णांत एकही अपघात झाला नाही, तरी खरा धोका ३ भागिले न इतका असू शकतो. २६ रुग्णांत शून्य अपघात झाले असं समजा, तरी धोका साडेअकरा टक्क्यांपर्यंत असू शकतो. शून्य दिसलं म्हणजे शून्य आहे, असं नाही.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

'सुरक्षित' हा शब्द लिहिण्याआधी स्वतःला चार प्रश्न विचारा. कशापेक्षा सुरक्षित? कशापासून : संसर्ग, रक्तस्राव, की मृत्यू? दोन गटांत पद्धतीखेरीज आणखी काय बदललं? आणि जी घटना शोधताय ती दिसण्याइतके रुग्ण तुमच्याकडे आहेत का? आरआरसीसमोर कुणीतरी हे विचारणारच आहे. त्यापेक्षा आपणच आधी विचारलेले बरे.

आजोबांची ट्रॅकिओस्टॉमी बेडवरच झाली. महिन्याभरानं ते घरी आले, गळ्यावर छोटा व्रण घेऊन. बाबा अजूनही सगळ्यांना सांगतात, "बेडवरचीच करा, आमच्यात केली होती." मी त्यांना म्हणते, एका माणसावरून ठरत नाही. आज त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला तर मी सांगेन : संसर्ग तारेच्या पद्धतीत कमी होतो, हे बऱ्यापैकी पक्कं आहे. मृत्यूतला फरक पक्का नाही. आणि आजोबांना हलवणं किती धोक्याचं आहे, त्यांचा गळा कसा आहे, इथल्या डॉक्टरांचा हात कोणत्या पद्धतीवर बसलाय, हे डॉक्टरांनाच विचारा. उत्तर लांबलचक आहे, मान्य. पण संमतीपत्रावर सही करणाऱ्याला तेवढं तरी मिळायला हवं.