ओवी, हळद आणि नवा धर्म



लग्नघरी हळद लागते, बायका ओव्या म्हणतात. यात धर्म किती आणि रीत किती? गोव्यात एके काळी हा प्रश्न थेट कोर्टकचेरीपर्यंत गेला होता. आज ती हकिगत ऐकू या.

सोळाव्या शतकात गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं. गावंच्या गावं ख्रिस्ती झाली; कुणी मनापासून, कुणी दडपणाखाली. जुनी पुराणं सुटली, पण कथा ऐकायची सवय कशी सुटणार? थॉमस स्टीफन्स हे इंग्रज पाद्री १५७९ साली गोव्यात आले होते. त्यांनी इथली भाषा शिकून येशूची कथा मराठीत लिहिली, तीही ओवीत. ज्ञानेश्वर-एकनाथांनी वापरलेला हाच छंद. 'ख्रिस्तपुराण' नावाचा हा ग्रंथ १६१६ साली छापला गेला. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. देवाला 'परमेश्वर' आणि स्वर्गाला 'वैकुंठ' असे आपल्याच तोंडचे शब्द त्यांनी घेतले. शिकवण नवी, पण बोली घरचीच.

पुढे वारं फिरलं. १६८४ साली सरकारी हुकूम निघाला, की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. धर्माच्या नावानं झडती घेणारं इन्क्विझिशन नावाचं न्यायालय गोव्यात १५६० पासूनच होतं. १७३६ साली त्यानं रीतिभातींवर बंदीची मोठी यादीच काढली. ख्रिस्ती घरात तुळस नको. लग्नात ओव्या नकोत. नवरानवरीच्या अंगाला हळद, दूध, खोबरेल लावायचं नाही. इतकंच काय, बिनमिठाचा भातही शिजवायचा नाही!

आता सांगा, येशूवरची श्रद्धा भातातल्या मिठावर ठरते का? स्टीफन्सना ओवीत देव सांगता आला. या न्यायालयाला ओवीतच धोका दिसला. धर्म तोच, पण संस्कृतीकडे बघायची नजर वेगळी.

न्यायालय १८१२ साली कायमचं बंद झालं. रीत मात्र राहिली. आजही गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत लग्नाआधी नवरानवरीला नारळाचा रस लावतात. त्या विधीला 'रोस' म्हणतात. आपल्या वसईकडच्या ख्रिस्ती बायका लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवर 'उंबराचं पाणी' आणायला जातात. चर्चमधली प्रार्थना आणि अंगणातली रीत एकाच लग्नात नांदतात. ही रीत कुण्या ग्रंथानं नव्हे, बायकांनी सांभाळली.

पण बायांनो, दुसरी बाजूही बघायला हवी. देवाची सगळी लेकरं सारखी, ही ख्रिस्ती शिकवण. तरीही गोव्यातल्या ख्रिस्ती समाजात जात टिकली. लग्न जुळवताना ती विचारली जात राहिली. म्हणजे रोस टिकला तशी जातही टिकली. जुनं आहे म्हणून सगळंच चांगलं नसतं आणि धर्माच्या नावानं निघालेला हुकूम म्हणजे धर्म नसतो.

म्हणून आपल्या गटात कुणी म्हणालं, "हे आपल्या धर्मात बसत नाही," तर दोन प्रश्न विचारा. ही देवाची शिकवण, की कुणा माणसाचा हुकूम? आणि या रितीनं कुणाचा मान वाढतो, कुणाचा जातो? मग हिंदू असो, मुसलमान असो, बौद्ध असो की ख्रिस्ती, काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे ठरवायला आपल्याला सोपं जाईल.