मोडलेल्या खाजणाची भरपाई

तारापूर व डहाणू या किनाऱ्यावर विजेचा इतिहास खाडीच्या इतिहासाशीं निगडित आहे. तारापूरचें अणुविद्युत् केंद्र १९६९ सालीं वीज देऊं लागलें. डहाणूचें ५०० मेगावॉटचें औष्णिक केंद्र १९९५ च्या सुमारास सुरू झालें. मुंबईच्या उपनगरांतील दिवे डहाणूच्या विजेवर उजळले. पण त्या उजेडाचें मोल किनाऱ्यास द्यावें लागणार होतें.

खाजणांतील तिवर हा विलक्षण वृक्ष होय. चिखलांत प्राणवायु तुटपुंजा असल्यानें त्याचीं मुळें खुंटाप्रमाणें वर येऊन श्वास घेतात. त्यांच्या आश्रयानें कोळंबी, खेकडे व मासळीचीं पिलें वाढतात. मच्छीमाराचा संसार या चिखलावरच उभा असतो. रस्त्याचा अथवा नळाचा भराव पडला, कीं भरतीचें पाणी अडतें आणि कुऱ्हाड न लावतांहि झाडें वाळतात.

डहाणूचे नागरिक केंद्राविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९९१ सालीं परवानगी कायम राहिली. परंतु धुरांतील गंधक काढणाऱ्या यंत्राची अट पूर्ण विचाराविना शिथिल करूं नये, असें न्यायालयानें बजावलें. त्याच वर्षीं २० जून रोजीं तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक घोषित झाला. १९९६ सालीं न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालीं प्राधिकरण स्थापन झालें. तें यंत्र मात्र २००७ सालीं चालू झालें. अट व अंमल यांमध्यें सोळा वर्षें गेलीं.

२०१८ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें तिवरांचा नाश हा जीविताच्या हक्कावर आघात ठरविला, आणि उद्ध्वस्त खाजण पूर्ववत् करण्याचें कर्तव्य शासनावर घातलें. तरीहि २०२२ च्या डिसेंबरांत, बोईसरवरून जाणाऱ्या द्रुतगति रेल्वेसाठीं मुंबई, ठाणें व पालघर जिल्ह्यांतील सुमारें २२ हजार तिवरें तोडण्यास त्याच न्यायालयानें सार्वजनिक हितास्तव अनुमति दिली. भरपाईच्या लागवडीची जबाबदारी अर्थातच आली.

येथेंच खरा प्रश्न उद्भवतो. रोपांची संख्या ही भरपाई नव्हे. भराव काढून भरती-ओहोटीस वाट दिली, तर कित्येक ठिकाणीं लाटांबरोबर आलेलें बीज आपोआप रुजतें. ती वाट बंदच असेल, तर लाखों रोपेंहि सुकतात. कागदावरील आंकडा पुरा होतो, पण खाडींत जाळें टाकणाऱ्याच्या हातीं कांहींच येत नाहीं. म्हणून भरपाईची मोजणी रोपवाटिकेंत नव्हे, तर कांहीं वर्षांनीं त्याच चिखलांत जाऊन करावयास हवी.