सेवासंस्थांची नियमावली आणि तिच्यातील दुरुस्ती : एक ऐतिहासिक विचार

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या विद्यार्थी शाखेची नियमावली दुरुस्त करावी, अशी सूचना तरुण सभासदांकडून आली आहे. सूचनेवर वडीलधाऱ्या मंडळींत दोन मते दिसतात. कित्येकांस वाटते की, पूर्वजांनी घालून दिलेले नियम आहेत तसेच राहू द्यावे. मुलांनी आधी अभ्यास करावा, घटनेची उठाठेव मागाहून करावी. कित्येकांचे म्हणणे असे की, ज्यांनी सेवा करावयाची त्यांनाच सेवेचे नियम ठरवू द्यावे. वाद नवा नाही. महाराष्ट्रातील थोर सेवासंस्थांस यातून जावे लागले आहे, आणि त्यांच्या अनुभवापासून आपणांस पुष्कळ शिकता येईल. म्हणून तो इतिहास येथे थोडक्यात मांडण्याचे योजिले आहे.

विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन समाजाची सेवा करावी, ही कल्पना आपल्याकडे बरीच जुनी आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थी व अध्यापक यांनी 1848 साली स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली. आरंभी तिचा हेतू निबंधवाचन व चर्चा एवढाच होता. परंतु पुढल्याच वर्षी, म्हणजे 1849 साली, याच तरुणांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि आपल्या फावल्या वेळात विनावेतन शिकविण्याचे काम पत्करले. प्रारंभी 44 पारशी व 24 हिंदू मुली शाळेत आल्या. या तरुणांत दादाभाई नौरोजी अग्रभागी होते, आणि जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारख्या वजनदार गृहस्थांचे पाठबळ कार्यास लाभले. मात्र फावल्या वेळावर शाळा फार दिवस चालत नाही. विद्यार्थी परीक्षा देऊन नोकरीधंद्यास लागतो आणि त्याची जागा रिकामी पडते. पुढे कामा घराण्यासारख्या पारशी धनिकांनी द्रव्यसाहाय्य केले तेव्हाच शाळा स्थिरपद झाल्या. उत्साह कार्याचा आरंभ करतो, पण ते चालू ठेवावयाचे तर कोणी किती द्यावे याची काही बांधणी असावी लागते, ही त्या प्रयत्नाची पहिली शिकवण होय.

अशी बांधणी करण्याचा मोठा प्रयोग पुण्यास झाला. विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि त्यांचे सहकारी यांनी 1880 च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल काढले. गोपाळ गणेश आगरकर हे त्यांना लवकरच येऊन मिळाले. महाविद्यालयातून नुकतीच बाहेर पडलेली ही मंडळी सरकारी नोकरीचा मार्ग सोडून अल्प वेतनावर शिकवू लागली. 1884 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीची रीतसर स्थापना झाली व 1885 च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. सोसायटीचा कणा म्हणजे तिचे आजीव सभासद. वीस वर्षे संस्थेची सेवा करीन, असे वचन त्यांनी द्यावयाचे आणि संस्थेने त्यांच्या चरितार्थापुरते वेतन द्यावयाचे, असा हा व्यवहार होता. कारभारही आजीव सभासदांनीच पाहावयाचा. मालक वेगळा व नोकर वेगळा अशी स्थिती तेथे नव्हती.

परंतु एक प्रश्न आरंभी पुरता स्पष्ट झाला नव्हता. वीस वर्षे दिली, म्हणजे नेमके काय दिले? शाळेचे तास दिले, की आपली सर्व शक्ती दिली? शिकवून उरलेल्या वेळात सभासदाने पुस्तके लिहून द्रव्य मिळवावे काय? दुसऱ्या सार्वजनिक संस्थेचे काम अंगावर घ्यावे काय? कुटुंब वाढले, आजारपण आले, तर एकाला अधिक वेतन द्यावे काय? संस्था लहान होती तोवर मैत्रीच्या बळावर हे प्रश्न निभावले. ती वाढू लागताच प्रत्येक प्रश्न एखाद्या व्यक्तीच्या प्रकरणाच्या रूपाने पुढे येऊ लागला, आणि नियमावरील मतभेद माणसांमधील मतभेद होऊन बसला. त्यात टिळक व आगरकर यांच्यातील सामाजिक सुधारणेविषयीच्या वादाची भर पडली. कोल्हापूर प्रकरणात 1882 साली डोंगरीच्या तुरुंगात एकत्र राहिलेले हे दोघे मित्र एकमेकांपासून दुरावले. आगरकरांनी 1887 साली केसरी सोडला व पुढल्या वर्षी सुधारक काढला.

टिळकांचे म्हणणे असे की, आजीव सभासदाने आपली सर्व शक्ती संस्थेस वाहावी आणि बाहेरच्या प्राप्तीकडे पाहू नये. संस्थेचा पायाच स्वार्थत्यागाचा आहे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, वेतन तुटपुंजे आहे, संसार सर्वांनाच आहेत, आणि संस्थेचे काम चोख बजावून उरलेल्या वेळात केलेले सार्वजनिक कार्य हीदेखील देशसेवाच होय. दोन्ही बाजूंस सद्हेतू होता हे आज सव्वाशेहून अधिक वर्षांनी निर्विवाद म्हणता येते. अखेरची ठिणगी पडली ती गोपाळ कृष्ण गोखले यांच्या निमित्ताने. 1886 साली आजीव सभासद झालेल्या या तरुण अध्यापकाने सार्वजनिक सभेच्या चिटणिसाचे काम पत्करले. हे काम संस्थेच्या सेवेशी विसंगत आहे, असा टिळकांचा आक्षेप होता. बहुमत त्यांच्या बाजूस आले नाही, आणि 1890 च्या अखेरीस टिळक सोसायटीतून बाहेर पडले.

या घटनेकडे सामान्यतः दोन थोर पुरुषांचा कलह म्हणून पाहिले जाते. नियमावलीच्या दृष्टीने पाहिले तर तिच्यात निराळाच बोध दिसतो. बाहेरील काम व बाहेरील प्राप्ती यांविषयीचा नियम कोणाचेही नाव पुढे नसताना, शांतपणे, लेखी ठरला असता, तर तो गोखल्यांवरील आक्षेप म्हणून उभा राहिला नसता. माणूस पुढे उभा करून नियम करावयास बसले की मते नियमावर पडत नाहीत, माणसावर पडतात.

सोसायटी मात्र मोडली नाही. टिळकांच्या जाण्याने गणिताची जागा रिकामी झाली तेव्हा गोखल्यांच्या बोलावण्यावरून धोंडो केशव कर्वे 1891 साली फर्ग्युसन कॉलेजात आले, आणि स्त्रीशिक्षणाचे आपले महत्कार्य त्यांनी तेथील नोकरी सांभाळूनच आरंभिले. आजीव सेवेची पद्धत चालू राहिली. पुढे सांगलीस विलिंग्डन कॉलेज निघाले. बाहेर पडलेल्या टिळकांचे कार्य किती विशाल झाले हे सांगावयास नकोच.

आता या कथेचा उत्तरार्ध पाहू. ज्या गोखल्यांच्या बाहेरील कामावरून वाद पेटला, त्यांनीच 12 जून 1905 रोजी पुण्यास सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी, म्हणजे भारत सेवक समाज, स्थापन केला. फर्ग्युसन कॉलेजच्या मागील टेकडीवर नटेश अप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर व अ. वि. पटवर्धन या तिघांना त्यांनी शपथ दिली. सभासदाने सात प्रतिज्ञा घ्यावयाच्या होत्या. देशास विचारांत प्रथम स्थान देणे, सेवेतून स्वतःचा लाभ न पाहणे, जात व धर्म यांचा भेद न मानता सर्व भारतीयांस बंधू मानणे, या पहिल्या तीन होत. चौथी अशी की, समाज आपल्या व कुटुंबाच्या निर्वाहासाठी जी तरतूद करील तीत संतोष मानावा आणि स्वतःसाठी द्रव्यार्जन करण्यात शक्ती खर्चू नये. शुद्ध आचरण ठेवणे ही पाचवी, कोणाशीही वैयक्तिक भांडण न करणे ही सहावी, व समाजाच्या ध्येयाशी विसंगत असे काहीही न करणे ही सातवी.

चौथ्या आणि सहाव्या प्रतिज्ञेपाशी वाचकाने क्षणभर थांबावे. 1890 साली टिळक ज्या तत्त्वासाठी झगडले त्याच्या अगदी जवळचे तत्त्व पंधरा वर्षांनी गोखल्यांच्या स्वतःच्या संस्थेत लेखी प्रतिज्ञा होऊन आले, आणि त्या झगड्यात जी कटुता आली तिच्यावरचा उपाय सहाव्या प्रतिज्ञेत आला. गोखल्यांनी कोणत्या आठवणी मनात धरून हे शब्द योजिले ते सांगण्याचे धाडस आम्ही करीत नाही. पण अनुभवाने शहाणी झालेली नियमावली कशी असते याचा हा उत्तम नमुना आहे. उमेदवारीची पाच वर्षे हाही त्याच शहाणपणाचा भाग होता. वचन घेण्यापूर्वी मनुष्यास आपले मन तपासून पाहण्यास अवधी मिळे.

या नियमावलीची कसोटी 1915 साली लागली. महात्मा गांधी दक्षिण आफ्रिकेहून जानेवारीत परतले. त्यांनी समाजात यावे अशी गोखल्यांची इच्छा होती, परंतु 19 फेब्रुवारी रोजी गोखले निवर्तले. गांधींच्या प्रवेशाविषयी सभासदांत दोन तट पडले. काहींना त्यांची कार्यपद्धती समाजाच्या पद्धतीहून फार भिन्न वाटत होती. निकडीचे मतदान झाले असते तर जिंकणाराही दुखावला गेला असता. गांधींनी आपला अर्ज स्वतःच मागे घेतला आणि संस्थेतील ऐक्य राखले. नियम बदलू न शकणाऱ्याने संस्था फोडावीच असे नाही, हा पाठ त्यांनी न बोलता घालून दिला. नियम कितीही चोख असले तरी त्यांच्या मागे असा समंजसपणा असावा लागतो.

आता घराकडे वळू. आपली वसई फुलांची, केळीची व पानवेलीची. विरारहून मुंबईस पहिली उपनगरी गाडी 1867 साली धावली, आणि तेव्हापासून वाडीतला माल व वाडीतली मुले एकाच रुळांवरून शहराकडे जात आली. आईने पहाटे फुलांची टोपली दादरला न्यावी आणि मुलाने मागाहूनच्या गाडीने कॉलेज गाठावे, अशा कष्टांतून आपली कित्येक घरे शिकली. ज्ञातीच्या विद्यार्थी निधीतील एकेक रुपया अशा घामाचा आहे. म्हणून त्या निधीबरोबर सेवेचे कोणते बंधन यावे, हा प्रश्न पोटतिडकीचा आहे. तो केवळ कागदी मानू नये.

वरील इतिहासाच्या आधारे सभासदांपुढे चार सूचना ठेवाव्याशा वाटतात. पहिली, सेवेचे माप लेखी असावे. 1969 साली 37 विद्यापीठांत सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेने दोन वर्षांत 240 तासांचे माप विद्यार्थ्यांपुढे ठेवले. माप ठरले म्हणजे विद्यार्थ्यास किती द्यावयाचे ते कळते, आणि कोणी त्याच्याकडून अधिकाची अपेक्षा धरून नाराज होत नाही. दुसरी, ज्याला घरची वाडी पाहावी लागते किंवा नोकरी करून शिकावे लागते, त्याच्यासाठी सवलतीचा नियम आधीच असावा; प्रत्येक वेळी त्याला समितीपुढे हात जोडून उभे राहावे लागू नये. तिसरी, मुलींना कार्यकारिणीत समान स्थान असावे. मुलींच्या शाळेपासून ज्या परंपरेचा आरंभ झाला, तिच्यात मुलींनी केवळ स्वागतगीत म्हणावे हे शोभत नाही. चौथी, शिष्यवृत्तीचा निधी ज्ञातीचा असला तरी सेवेचा लाभ शेजारच्या प्रत्येक घरास मिळावा. वसईत नाना जातींची, धर्मांची व बोलींची माणसे शेजारी नांदतात. पूर किंवा साथ आली असता कोणी कोणाची जात विचारीत नाही.

दुरुस्तीची रीतही चोख असावी. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याने उद्देश बदलण्यासाठी जी वाट घालून दिली ती अभ्यासण्यासारखी आहे. प्रस्ताव लेखी अथवा छापील स्वरूपात दहा दिवस आधी सभासदांकडे पाठवावयाचा, विशेष सभेत तीन-पंचमांश सभासदांची मते मिळवावयाची, आणि महिन्याच्या अंतराने दुसरी विशेष सभा भरवून तितक्याच मतांनी तो कायम करावयाचा. कायदे करणाऱ्यांनी हे महिन्याचे अंतर का ठेविले असावे, याचा विचार करावा. पहिल्या सभेतील आवेश त्या महिन्यात ओसरतो, घरोघरी बोलणे होते, आणि विरोधकाचे म्हणणे निवांतपणे ऐकू येते. आपल्या शाखेचे नियम उद्देशाहून लहान असले, तरी हीच रीत आपण स्वेच्छेने पाळावी. शिवाय, जो नियम बदलावयाचा तो पुढील वर्षापासून लागू व्हावा, म्हणजे चालू वर्षाच्या कोणत्याही विद्यार्थ्याचे नाव त्या चर्चेत गुंतणार नाही.

वडीलधाऱ्यांस एवढीच प्रार्थना की, मुलांनी आणलेला मसुदा हा आपल्या कार्याचा अवमान मानू नये. ज्यास संस्था आपली वाटते तोच तिचे नियम वाचतो. तरुणांस एवढेच सांगणे की, मागील पिढीने लिहिलेला प्रत्येक नियम कोणत्या अडचणीतून जन्मला ते आधी विचारून घ्यावे. दोहोंनी एवढे केले, तर येत्या वार्षिक सभेत आपली नियमावली दुरुस्त होईल आणि मनेही दुरावणार नाहीत.