कापडावरची सही : बंगालच्या कांथांचा इतिहास 🧵

१/ एकोणिसाव्या शतकात बंगालमधील मानदासुंदरी दासी नावाच्या स्त्रीने जुन्या कापडांचे थर एकमेकांवर ठेवून एक कांथा शिवली. ती भेट तिच्या वडिलांसाठी होती. हे काम आपण स्वहस्ते आणि वडिलांसाठी केले, अशी नोंदही तिने सुईदोऱ्यानेच कापडावर करून ठेवली. आज आपण तिचे नाव घेऊ शकतो, ते या टाक्यांमुळे.

२/ कांथा म्हणजे बंगालची गोधडी. ‘कन्था’ हा मूळ संस्कृत शब्द. अर्थ, ठिगळांचे वस्त्र. बैराग्याच्या अंगावरची ‘कंथा’ जुन्या मराठीलाही परिचित आहे. झिजून मऊ झालेली साडी किंवा धोतर टाकून न देता त्याचे थर जोडायचे, ही या कलेची सुरुवात.

३/ साहित्य अगदी साधे. कापड घरचेच, आणि नक्षीचे रंगीत दोरेही पुष्कळदा जुन्या साडीच्या काठातून ओढून काढलेले. टाका मुख्यतः एकच : धावदोरा. मधोमध कमळ, चार कोपऱ्यांत कोयऱ्या, मग उरलेल्या जागेत हत्ती, पालख्या, झाडे. पार्श्वभूमीवर पांढऱ्या दोऱ्याचे बारीक टाके पडत गेले, की कापडावर पाण्याच्या लहरींसारख्या सुरकुत्या उमटतात.

४/ कांथा केवळ पांघरण्यासाठी नव्हती. थंडीसाठी जाड ‘लेप’, समारंभात अंथरण्यासाठी ‘सुजनी’, आरसा व फणी गुंडाळण्यासाठी ‘आरशीलता’, पोथी बांधण्यासाठी ‘बयतन’, शिवाय छोटे चौकोनी ‘रुमाल’. घरात जे जे जपायचे, त्याला त्याचे वस्त्र होते.

५/ यातील ‘दुर्जनी’ तर नवशिक्यालाही जमेल. नक्षी भरलेला चौकोनी तुकडा घ्यायचा, त्याचे तीन कोपरे मध्यावर आणून शिवायचे. पाकिटासारखी पिशवी तयार होते. चौथा कोपरा झाकण. त्याला बांधायला एक दोरी. पैसे आणि बारीकसारीक वस्तू ठेवण्याची सोय झाली!

६/ आता याच बंगालचे दुसरे भरतकाम पाहा. सोळाव्या-सतराव्या शतकांत सातगाव-हुगळी परिसरातून पोर्तुगीज व्यापारी ‘कोल्शा’ नावाच्या भरजरी रजया युरोपात नेत. पांढऱ्या सुती कापडावर पिवळसर टसर रेशमाचे भरतकाम, त्यात शिकारीची आणि पुराणकथांची दृश्ये. लिस्बनच्या राष्ट्रीय प्राचीन कला संग्रहालयात त्या आजही आहेत.

७/ दोन्हींत सुई होती, कौशल्यही होते. पण कोल्शा हा विक्रीचा माल. विक्रीच्या मालाची नोंद होते, किंमत लिहिली जाते, याद्यांत तो सापडतो. मुलीने वडिलांसाठी वा आजीने नातवासाठी शिवलेल्या वस्तूची नोंद कोणत्या वहीत होणार? म्हणून अभ्यासकाला कापडच कागदपत्रासारखे वाचावे लागते. मानदासुंदरीच्या कांथेत सैनिक आणि युरोपीय पेहरावातील माणसेही आहेत. वसाहतकाळ एका स्त्रीच्या नजरेला कसा दिसला, याचा तो पुरावा आहे.

८/ हा पुरावा टिकला तो संग्राहकांमुळे. सनदी अधिकारी गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) यांनी बंगालच्या खेड्यांतून लोककलेच्या वस्तू जमवल्या. मानदासुंदरीची कांथा कोलकात्याजवळील जोका येथील त्यांच्याच नावाच्या संग्रहालयात आहे. कलेतिहासकार स्टेला क्रामरिश यांनी १९३९ साली कांथेवर निबंध लिहिला. त्यांचा संग्रह फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात आहे.

९/ मात्र येथे सावध राहायला हवे. संग्रहालयांत प्रामुख्याने दिसतात त्या नक्षीदार, पेटीत जपलेल्या, भेट म्हणून मिळालेल्या कांथा. बाळाच्या अंगाखालची, रोज धुतली जाणारी साधी कांथा वापरून वापरून विरली. जे उरले त्यावरूनच सगळा इतिहास लिहिला, तर सर्वाधिक शिवली गेलेली वस्तूच त्यातून निसटते.

१०/ महाराष्ट्रातील गोधडीचे, वाकळेचे हेच झाले आहे. तिच्यातही लुगड्या-धोतरांचे थर आणि तोच धावदोरा. पण बहुतेक गोधड्यांवर शिवणारीचे नाव नसते. ते घरातल्यांच्या आठवणीत असते, आणि आठवण दोन पिढ्यांत पुसट होते.

११/ तेव्हा इतिहासाच्या मित्रांनो, एक छोटे काम. घरात जुनी गोधडी, कुंची किंवा कापडी पिशवी असेल, तर तिचे छायाचित्र घ्या. कोणी शिवली, कोणासाठी, कोणाच्या लुगड्याची, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून तारखेसह लिहून ठेवा. आणि स्वतः कोणासाठी काही शिवलेत, तर एका कोपऱ्यात आपले नाव आणि वर्ष नक्की टाका. मानदासुंदरीने तेच केले होते.